कर्सर लावायचे की मेजर बटण दाबायचे?

प्रश्न असा आला आहे: "डिप्लोमा झाल्यावर सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका कार्ड (सर्किट बोर्ड) रिपेअरच्या वर्कशॉपमध्ये काम शिकतोय. १२ व्होल्टच्या एसएमपीएसचा (स्विचिंग पॉवर सप्लायचा) रिपल, म्हणजे डीसीवर उरलेला चढ-उतार बघताना ऑसिलोस्कोपचं मेजर (Measure) बटण पीक-टू-पीक १९० मिलिव्होल्ट दाखवतं. आमचे सीनिअर त्याच स्क्रीनवर कर्सर, म्हणजे हाताने सरकवायच्या रेघा लावून ६० म्हणतात. यातला खरा कोणता? आणि स्कोप एवढ्या गोष्टी आपोआप मोजून देत असताना कर्सर फिरवत बसायची गरज काय?"

दोन्ही आकडे बरोबर आहेत. ते दोन वेगळ्या गोष्टींचे आहेत, एवढंच. मेजर मेनूतला पीक-टू-पीक म्हणजे स्क्रीनवर आलेल्या सॅम्पलांपैकी (स्कोपने एकामागून एक टिपलेल्या व्होल्टेजांपैकी) सर्वांत वरचं वजा सर्वांत खालचं. मधल्या भागाशी त्याला काही देणंघेणं नसतं. एसएमपीएसमधला मॉस्फेट (स्विचचं काम करणारा ट्रान्झिस्टर) चालू-बंद होताना आउटपुटवर काही नॅनोसेकंदांचे टोकदार स्पाइक येतात, तेही त्यात धरले जातात. तुमच्या सीनिअरनी ते स्पाइक सोडून दिले आणि आउटपुट कपॅसिटर भरताना-रिकामा होताना जी तिरकी रेघ दिसते तिच्या वरच्या आणि खालच्या टोकाला कर्सर लावले. म्हणजे १९० हा रिपल आणि नॉइज मिळून, आणि ६० हा नुसता रिपल. कपॅसिटर वाळलाय का हे ठरवायचं असेल तर ६० कामाचा, कारण ईएसआर (कपॅसिटरचा आतला रोध) वाढला की स्विचिंगच्या गतीने येणारा हाच चढ-उतार वाढतो. कार्डावरचा मायक्रोकंट्रोलर मध्येच रीसेट का होतो याचा शोध असेल तर १९० कामाचा.

पण त्याआधी १९० मधले किती सप्लायचे आणि किती तुमच्या प्रोबच्या वायरीचे, ते बघा. काळी क्लिप वीतभर वायरीवर लोंबत असेल तर ती वायर आणि प्रोबचं टोक मिळून एक वेढा तयार होतो आणि ट्रान्सफॉर्मरभोवतीचं चुंबकीय क्षेत्र त्यात स्पाइक उठवतं. प्रोबचं टोक आणि क्लिप दोन्ही आउटपुटच्या एकाच शून्य पॉइंटला टेकवा. स्क्रीन सपाट यायला हवी. तरीही स्पाइक दिसले तर ते मोजण्याच्या पद्धतीतून आलेले आहेत. मग क्लिप काढून टोकाभोवतीची छोटी स्प्रिंग लावा आणि चॅनेलची २० मेगाहर्ट्झ बँडविड्थ लिमिट (त्याहून जलद चढ-उतार गाळणारी सोय) चालू करा. सप्लाय बनवणारे रिपल याच लिमिटला देतात. मीन वेलच्या डेटाशीटच्या तळटिपेत १२ इंच पिळलेली वायर आणि टोकाला ०.१ व ४७ मायक्रोफॅरडचे कपॅसिटर, अशी अटच लिहिलेली असते. अट न पाळता काढलेला आकडा डेटाशीटशी ताडून बघण्यात अर्थ नाही, मग तो कर्सरचा असो की मेजरचा. रिपोर्टमध्येही आकड्याशेजारी लिमिट चालू होती की बंद, लोड किती होता आणि स्पाइक धरून की सोडून, एवढं लिहीत चला.

आता मूळ मुद्दा. मेजर मेनूतल्या प्रत्येक नावामागे एक ठरलेली व्याख्या असते. स्कोप ती व्याख्या समोरच्या वेव्हला लावतो आणि आकडा देतो. ती वेव्ह त्या व्याख्येत बसते का, हे तो तपासत नाही. कर्सर स्वतः काहीच ठरवत नाहीत. कुठून कुठपर्यंत मोजायचं हे तुम्ही ठरवता आणि स्कोप दोन रेघांमधलं अंतर सांगतो. म्हणून कोणता वापरायचा हे स्कोपच्या किमतीवरून किंवा जुनं-नवं यावरून ठरत नाही. मला जे हवंय त्याची व्याख्या मेनूत आहे का, आणि असली तर ही वेव्ह तिच्यात बसते का, यावरून ठरतं.

उदाहरणार्थ ॲम्प्लिट्यूड घ्या. पुष्कळ जण त्याला पीक-टू-पीकचंच दुसरं नाव समजतात. स्कोप आधी सगळ्या सॅम्पलांची मोजदाद करतो: कोणत्या व्होल्टेजला किती सॅम्पल पडली. वरच्या अर्ध्यात जिथे सर्वांत जास्त गर्दी तो टॉप, खालच्या अर्ध्यात जिथे गर्दी तो बेस, आणि ॲम्प्लिट्यूड म्हणजे टॉप वजा बेस. पल्सच्या मोजमापाचं आयईईई १८१ हे स्टँडर्ड आहे, त्यात ही पद्धत दिलेली आहे. चांगल्या चौकोनी वेव्हवर ती फार सुरेख चालते, कोपऱ्यावरचं ओव्हरशूट बाजूला पडतं आणि खरी पातळी हाती लागते. साइन किंवा त्रिकोणी वेव्हवर मात्र अशी सपाट जागाच नसते, तेव्हा बहुतेक स्कोप मुकाट्याने मॅक्सिमम आणि मिनिममच टॉप-बेस म्हणून घेतात. राइज टाइमचे १० आणि ९० टक्के, ओव्हरशूटची टक्केवारी, पल्सची रुंदी, ड्यूटी (सायकलमधल्या चालू वेळेची टक्केवारी), डिले हे सगळं या टॉप-बेसवर उभं असतं. पाया सरकला की वरचा प्रत्येक आकडा सरकतो.

मॉस्फेटच्या गेटवर हे चांगलं दिसतं. गेट शून्यावरून १२ व्होल्टला जाताना मध्ये पाच-सहा व्होल्टवर थोडा वेळ थबकतं, ते मिलर प्लॅटो. ड्यूटी आणि रुंदी मोजताना स्कोप ५० टक्क्यांची पातळी घेतो, म्हणजे इथे ६ व्होल्ट, म्हणजे नेमका तो प्लॅटो. रेघ तिथे जवळजवळ आडवी असल्यामुळे जरा नॉइज आला की ओलांडण्याची वेळ इकडेतिकडे पळते आणि ड्यूटीचा आकडा नाचायला लागतो. नवशिका कंट्रोलर आयसी बदलायला निघतो. आयसी ठणठणीत असते. शिवाय स्विचिंग लॉसच्या दृष्टीने हवा असतो तो प्लॅटोचा वेळ, आणि त्यासाठी मेनूत एकही नाव नाही. प्लॅटोच्या दोन टोकांना उभे कर्सर लावायचे आणि वाचायचं. ज्या स्कोपमध्ये रेफरन्सची पातळी बदलता येते तिथे ५० ऐवजी ८० टक्के ठेवून ड्यूटी घ्या, नाच थांबतो.

आपल्या गावातलं काम म्हणजे मागावरची कार्डं, म्हणून एक उदाहरण तिथलं. पूर्व भागातल्या कारखान्यात २४ व्होल्टचे प्रॉक्सिमिटी सेन्सर लांब केबलवर पीएलसीपर्यंत (मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरपर्यंत) आलेले असतात. केबल लांब, पुल-अप कमजोर, मग सेन्सरचा पल्स चौकोनी न राहता हळूहळू चढतो. तुम्ही मेजरमध्ये डिले लावला की स्कोप दोन्ही चॅनेलच्या ५० टक्क्यांपासून, म्हणजे १२ व्होल्टपासून मोजतो. पीएलसीला १२ व्होल्टचं काही पडलेलं नाही. आयईसी ६११३१-२ प्रमाणे टाइप १ इनपुटला १५ व्होल्ट किंवा वर असेल तर 'चालू' आणि ५ व्होल्ट किंवा खाली असेल तर 'बंद' याची खात्री, मधल्या पट्ट्यात काहीही होऊ शकतं. तेव्हा आडवा कर्सर १५ वर बांधा, रेघ त्याला जिथे छेदते तिथे उभा कर्सर ठेवा आणि तिथून मोजा. हळू चढणाऱ्या पल्सवर दोन्ही आकड्यांत चांगला फरक निघतो, आणि माग कधी थांबतो कधी थांबत नाही या तक्रारीचं मूळ पुष्कळदा त्या फरकात सापडतं.

त्याच मागाचा ब्रेक बघू. बाणा तुटला की सेन्सर सांगतो, कार्ड ब्रेकच्या कॉइलला करंट देतं, माग थांबतो. मिनिटाला ५०० पिकच्या (बाण्याच्या फेऱ्यांच्या) रॅपिअर मागावर एक फेरा १२० मिलिसेकंदांचा. थांबायला उशीर झाला की टॉवेलवर आडवी पट्टी उठते आणि तो माल सेकंडमध्ये, म्हणजे दुय्यम दर्जात जातो. मागाची देखभाल करणारा जॉबर म्हणतो कार्ड खराब, कार्डवाला म्हणतो ब्रेक खराब. स्कोपच्या एका चॅनेलवर सेन्सर, दुसऱ्यावर क्लॅम्प लावून कॉइलचा करंट घ्या. करंट वाकत वाकत चढतो आणि मध्येच एक छोटी खाच पडते, कारण आर्मेचर ओढलं जाताना कॉइलमध्ये उलटा व्होल्टेज तयार होतो. ती खाच म्हणजे ब्रेक प्रत्यक्ष चिकटला तो क्षण. सेन्सरपासून करंट सुरू होईपर्यंतचा वेळ कार्डाचा, करंट सुरू झाल्यापासून खाचेपर्यंतचा वेळ ब्रेकचा. मेजर मेनूला ती खाच कळत नाही, तो करंटचे ५० टक्के धरून बसतो. दोन कर्सर लावून स्क्रीनशॉट काढला की जॉबर आणि कार्डवाला या दोघांचं भांडण तिथेच मिटतं. कर्सरचं काम इतकं चोख दाखवणारं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

फ्रिक्वेन्सीच्या बाबतीत सर्वांत जास्त फसगत होते ती व्हीएफडीवर (मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हवर). ड्राइव्हच्या पॅनेलवर ३५ हर्ट्झ, आणि स्कोपवर ४ किलोहर्ट्झ, कधी ३.७, कधी भलतंच काही. स्कोप बिचारा आउटपुटच्या पीडब्ल्यूएममध्ये (कमी-जास्त रुंदीच्या पल्समध्ये) मधली पातळी दोनदा एकाच दिशेने ओलांडली की एक सायकल मोजतो, त्यामुळे त्याला कॅरिअर, म्हणजे पल्सचीच फ्रिक्वेन्सी दिसते. मोटरच्या वायरीवर करंट क्लॅम्प लावला तर साइनसारखी वेव्ह मिळते, पण तिच्यावर कॅरिअरचे दात असतात आणि शून्याजवळ तेच दात पुन्हा मोजले जातात. इथे पाच पूर्ण सायकल स्क्रीनवर घ्या, पहिल्या शिखराला एक कर्सर आणि सहाव्या शिखराला दुसरा. १४२.९ मिलिसेकंद आले की भागिले ५, म्हणजे २८.५७, म्हणजे ३५ हर्ट्झ. एका सायकलवर कर्सर लावण्यात जी हाताची चूक होते ती पाचांत वाटली जाते. स्कोपमध्ये मॅथचा लो-पास फिल्टर असेल तर आणखी चांगलं: फिल्टर केलेल्या वेव्हवर मेजर लावा, तो नीट आकडा देईल.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगतो. ड्राइव्हच्या आउटपुटवर किंवा एसएमपीएसच्या प्रायमरीला स्कोपची साधी क्लिप लावायची नाही. क्लिप अर्थला जोडलेली असते. २३० व्होल्ट रेक्टिफाय होऊन ३२५ व्होल्ट डीसी झालेल्या भागाला ती लागली की शॉर्ट. काही जण स्कोपच्या प्लगची अर्थ पिन काढून काम चालवतात, मग स्कोपच्या धातूच्या भागावर तोच व्होल्टेज येतो. डिफरन्शिअल प्रोब घ्या. तो नसेल तर ते मोजमाप करू नका.

सीरिअल लाइनचा बॉड रेट (सेकंदाला किती बिट) शोधणं हे कर्सरचं हक्काचं काम. ९६०० ला एक बिट १०४.१७ मायक्रोसेकंद, १९२०० ला ५२.०८, १,१५,२०० ला ८.६८. मेजरचा पॉझिटिव्ह विड्थ स्क्रीनवरचा पहिला पल्स मोजतो आणि त्या पल्समध्ये एकसारखे तीन बिट सलग असले तर तिप्पट आकडा येतो. सर्वांत अरुंद पल्स डोळ्यांनी शोधा, झूम करा, कर्सर लावा. समोरच्या कार्डाकडून कॅपिटल 'यू' हे अक्षर सतत पाठवता येत असेल तर मात्र मेजर वापरा: त्याचे बिट एकाआड एक येतात, त्यामुळे ९६०० ला स्वच्छ ४८०० हर्ट्झ दिसते.

रिंगिंगबद्दल (स्विचिंगनंतर वेव्ह थरथरते त्याबद्दल) जरा सविस्तर लिहितो, कारण रिपेअरमध्ये हे फार थोडे जण करतात आणि त्याने तोच डायोड परत परत उडणं थांबतं. एसएमपीएसच्या सेकंडरी डायोडच्या ॲनोडवर प्रोब, स्प्रिंग सेकंडरीच्या शून्यावर. डायोड बंद होताना वेव्ह थरथरते. मेजरला फ्रिक्वेन्सी विचारली तर तो ६५ किलोहर्ट्झ सांगेल, ती स्विचिंगची. तुम्हाला हवी आहे थरथरीची. २० मेगाहर्ट्झ लिमिट इथे बंद करा, टाइमबेस ५० नॅनोसेकंदांवर आणा आणि पाच थरथरींवर कर्सर लावा. समजा २०० नॅनोसेकंद आले: एक ४० ची, म्हणजे २५ मेगाहर्ट्झ. आता सप्लाय बंद करून डायोडवर समांतर एक छोटा सिरॅमिक कपॅसिटर लावा, पुन्हा मोजा, आणि फ्रिक्वेन्सी निम्मी होईपर्यंत मूल्य वाढवत जा. निम्मी झाली म्हणजे एकूण कपॅसिटन्स चौपट झाला, म्हणजे तुम्ही लावलेल्याचा तिसरा भाग तिथे आधीपासून होता. ६०० पिकोफॅरडला निम्मी झाली तर मूळचा २०० पिकोफॅरड. २५ मेगाहर्ट्झ आणि २०० पिकोफॅरडवरून लीकेज इंडक्टन्स सुमारे ०.२ मायक्रोहेन्री येतो आणि दोघांच्या भागाकाराचं वर्गमूळ सुमारे ३२ ओहम. स्नबरला (थरथर शोषणाऱ्या रेझिस्टर-कपॅसिटरच्या जोडीला) ३३ ओहम आणि मूळच्या तीन-चार पट कपॅसिटर, म्हणजे ६८० पिकोफॅरडच्या आसपास. लावून बघा, थरथर एक-दोन हेलकाव्यांत संपली पाहिजे. हा सगळा हिशेब दोन कर्सरच्या अंतरावर उभा आहे.

इतकं वाचून मेजर बटण निरुपयोगी वाटायला नको. काही कामं माणसाने हाताने करूच नयेत. आरएमएस त्यातलं पहिलं. विद्रूप वेव्हचा आरएमएस कर्सरने काढताच येत नाही, शिखराला १.४१४ ने भागणं फक्त शुद्ध साइनला चालतं. पण तिथेही मेनूत सायकल आरएमएस आणि पूर्ण स्क्रीनचा आरएमएस असे दोन पर्याय असतात, ते बघून निवडा. मीन म्हणजे सरासरीवर हा फरक उघडा पडतो: ५० हर्ट्झची ३२५ व्होल्ट शिखराची साइन, २.५ मिलिसेकंद प्रति डिव्हिजन, १० डिव्हिजन, म्हणजे स्क्रीनवर सव्वा सायकल. वेव्ह शून्यातून चढताना स्क्रीन सुरू झाली तर पूर्ण स्क्रीनची सरासरी सुमारे ४१ व्होल्ट येते. डीसी औषधालाही नसताना! सायकल मीन निवडलं की शून्याजवळ येते.

दुसरं काम म्हणजे झटपट कडांचा राइज टाइम. १० आणि ९० टक्क्यांच्या जागा डोळ्यांनी शोधून नॅनोसेकंद मोजणं व्यर्थ आहे. स्कोप दोन सॅम्पलांच्या मध्ये हिशेब करून ती जागा काढतो, तेवढी बारकाई हाताला नाही. फक्त स्कोपचा स्वतःचा राइज टाइम ध्यानात ठेवा, ०.३५ भागिले बँडविड्थ. १०० मेगाहर्ट्झच्या स्कोपला ३.५ नॅनोसेकंद. स्क्रीनवर ५ दिसले तर ५ च्या वर्गातून ३.५ चा वर्ग वजा करून वर्गमूळ घ्या, सिग्नलचा खरा राइज टाइम साधारण ३.६ निघतो. टाइमबेस हळू असताना राइज टाइमच्या आकड्याआधी 'पेक्षा कमी' असं चिन्ह किंवा शेजारी प्रश्नचिन्ह दिसलं तर स्कोप सांगतोय की सॅम्पल पुरेशी नाहीत. ते चिन्ह गाळून आकडा वहीत उतरवणाऱ्यांना मी थांबवतो.

तिसरं, स्टॅटिस्टिक्स. कर्सर एका क्षणाचं सांगतो. मेजरला स्टॅटिस्टिक्स चालू केलं की सरासरी, कमीत कमी, जास्तीत जास्त आणि स्टँडर्ड डेव्हिएशन मिळतं. ईएमआय (इतर उपकरणांना होणारा विद्युत-चुंबकीय त्रास) कमी दिसावा म्हणून बऱ्याच पॉवर सप्लाय आयसी आपली फ्रिक्वेन्सी मुद्दाम थोडी मागेपुढे हलवत ठेवतात. कर्सरने आज ६३ आणि उद्या ६७ आली म्हणून आयसीवर संशय घेऊ नका, स्टॅटिस्टिक्समध्ये पसारा बघा. एकसारखी पन्नास कार्डं तपासायची असतील तरही मेजरच, कारण दोन माणसांचे कर्सर सहसा एका जागी पडत नाहीत. मात्र क्वचित येणारा दोष पकडायला स्टॅटिस्टिक्सवर विसंबू नका. दोन कॅप्चरच्या मधल्या वेळात स्कोप आंधळा असतो. एन्कोडरचा पल्स कधीतरी अरुंद येतोय असा संशय असेल तर पल्स-विड्थ ट्रिगर लावा, म्हणजे तसा पल्स आला की स्कोप थांबेल, आणि मग कर्सर लावून निवांत मोजा.

नॉइजचं पीक-टू-पीक हा तर वेगळाच सापळा. नॉइज यादृच्छिक असला की जितकी सॅम्पल जास्त तितकं टोकाचं सॅम्पल सापडण्याची शक्यता जास्त. आरएमएस १० मिलिव्होल्ट असलेल्या नॉइजचं पीक-टू-पीक १,००० सॅम्पलांत सरासरी ६५ मिलिव्होल्टच्या आसपास आणि १० लाखांत ९७ च्या आसपास येतं. सिग्नल तोच, फक्त मेमरी वाढली. अशा ठिकाणी आरएमएस लिहा.

कर्सरचीही मर्यादा आहे, आणि ती त्याच्या चकचकीत आकड्याआड लपते. कर्सर बहुतेक पिक्सेल-पिक्सेल सरकतो. एका डिव्हिजनला ५० पिक्सेल धरले तर २.५ मिलिसेकंदांच्या टाइमबेसवर एक पाऊल ५० मायक्रोसेकंदांचं. त्या टाइमबेसवर १०४ मायक्रोसेकंदांचा बिट मोजणं म्हणजे अंदाज. जे मोजायचंय ते निदान चार-पाच डिव्हिजन व्यापेल इतकं पसरवा. उभ्या दिशेला तेच: आठ बिटांच्या एडीसीला (व्होल्टेजचा आकडा करणाऱ्या भागाला) २५६ पायऱ्या, बऱ्याच स्कोपमध्ये डिव्हिजनला २५. १ व्होल्ट प्रति डिव्हिजनवर एक पायरी ४० मिलिव्होल्ट. कर्सर ३.२८ दाखवतो म्हणून शेवटचा ८ खरा मानू नका. वेव्हला चिकटून चालणारा ट्रॅक मोड असेल तर व्होल्टेजसाठी तो वापरा, डोळ्याने रेघ जुळवण्याची चूक टळते. परसिस्टन्स (जुन्या वेव्ह स्क्रीनवर टिकवायची सोय) अनंतावर ठेवून वेव्हचा जो जाड पट्टा साठतो, त्याची जाडी मोजायला मात्र साधा कर्सरच, कारण मेजर बहुधा फक्त शेवटच्या कॅप्चरवर चालतो.

आणि आता जे मला सर्वांत उपयोगी वाटतं ते: दोन्ही एकत्र. बऱ्याच स्कोपमध्ये मेजरला गेट किंवा रेंज असा पर्याय असतो, स्क्रीन किंवा कर्सर. कर्सर निवडला की मेजर फक्त दोन रेघांच्या मधल्या तुकड्यावर चालतो. सप्लाय सुरू होतानाचा पूर्ण स्क्रीनशॉट घ्या: पहिला इनरश (सुरुवातीचा करंटचा झटका), मग सॉफ्ट-स्टार्ट (व्होल्टेज हळूहळू चढण्याचा भाग), मग स्थिर भाग. पूर्ण स्क्रीनवर मॅक्सिमम, आरएमएस, फ्रिक्वेन्सी यांपैकी कशालाच अर्थ नसतो. गेट स्थिर भागावर ठेवा, रिपल मिळाला. सॉफ्ट-स्टार्टवर सरकवा, तिथला ओव्हरशूट मिळाला. तुमच्या रिपलच्या बाबतीतही दोन स्पाइकच्या मधल्या तिरक्या भागावर गेट ठेवून पीक-टू-पीक घेऊन बघा, तो सीनिअरच्या ६० च्या जवळ येईल. जागा माणूस निवडतो, मोजणी यंत्र करतं. ज्याचा स्कोप हे करू शकतो आणि ज्याने मॅन्युअलमधलं ते पान उघडलेलंच नाही, अशी मंडळी मला नेहमी भेटतात.

काही चुका अशा आहेत की तिथे कर्सर आणि मेजर दोघेही सारखेच फसतात, कारण दोघांना मिळणारी सॅम्पलच चुकीची असतात. प्रोबवर दहापट आणि मेनूत एकपट, ही रोजची. प्रोब कंपेन्सेट नसणं, ही दुसरी: स्कोपच्या १ किलोहर्ट्झ पॉइंटला लावून चौकोनाचे कोपरे सरळ होईपर्यंत स्क्रू फिरवा, आणि प्रोब दुसऱ्या चॅनेलला नेला की पुन्हा. वेव्ह स्क्रीनच्या वर किंवा खाली गेलेली असेल तर मॅक्सिमम खोटा. बऱ्याच स्कोपची व्होल्टेजची अचूकता ३ टक्क्यांच्या घरात असते, तर वेळेची लाखात काही भाग. म्हणून वेळ स्कोपने मोजा, आणि १२ व्होल्ट नेमके १२ आहेत का हे मल्टिमीटरने. चारही चॅनेल चालू केले की १ गिगासॅम्पलचा स्कोप बहुधा २५० मेगासॅम्पलवर उतरतो, नको ते चॅनेल बंद ठेवा. जुन्या २,५०० पॉइंट मेमरीच्या स्कोपवर ५० मिलिसेकंद प्रति डिव्हिजन लावलं तर सॅम्पल सेकंदाला फक्त ५,००० पडतात. ४ किलोहर्ट्झची साइन त्यावर सुबक १ किलोहर्ट्झची होऊन दिसते आणि कर्सरही १ किलोहर्ट्झच सांगतो. टाइमबेस दोन पावलं जलद करून बघायची सवय ठेवा. आकडा बदलला तर आधीचा एलियस, म्हणजे कमी सॅम्पलांमुळे दिसलेला खोटा होता.

शेवटचं सोलापूरच्या उन्हाचं. स्कोपचा ऑफसेट तापमानाबरोबर सरकतो. टेक्ट्रॉनिक्स या स्कोप बनवणाऱ्या कंपनीच्या मॅन्युअलमध्ये सभोवतालचं तापमान ५ अंशांनी बदललं तर सेल्फ-कॅलिब्रेशन करा असं दिलेलं आहे. आपल्याकडे मे महिन्यात सकाळी वर्कशॉप उघडताना आणि दुपारी पत्रा तापल्यावर यात ५ पेक्षा कितीतरी जास्त फरक पडतो. तेव्हा लहान व्होल्टेज मोजायचे असतील, रिपलचा डीसी भाग किंवा शंटवरचे मिलिव्होल्ट, तर दुपारी पुन्हा सेल्फ-कॅल करा. स्कोप अर्धा तास चालू ठेवून, सगळे प्रोब आणि केबल काढून, मगच बटण दाबा. प्रोब लावलेला राहिला तर स्कोप त्या सिग्नललाच शून्य समजण्याचा धोका असतो आणि दुपारचं सगळं काम परत करावं लागतं.